८ जीबी रॅमवर क्रोम, एज, फायरफॉक्स आणि ब्रेव्ह: काही महिन्यांच्या वापरानंतर

ब्राउझर निवडताना पहिला प्रश्न वेगाचा विचारला जातो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. ८ जीबी रॅमच्या विंडोज लॅपटॉपवर हे चारही ब्राउझर कामासाठी आळीपाळीने वापरले, विवाल्डी आणि ऑपेरा अधूनमधून. रोजच्या पानांवर वेगातला फरक डोळ्यांना कळतही नाही. तो कळतो रॅम भरत आली की. अशा वेळी ब्राउझर कुठला टॅब सोडतो, कसा सोडतो, आणि परत त्या टॅबवर गेल्यावर काम होतं तिथेच सापडतं का, हे पाहून ब्राउझर निवडावा.

वेगाचं आधी आटपून घेऊ. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी या सगळ्यांच्या पोटात एकच क्रोमियम, म्हणजे गूगलचा खुला ब्राउझर-गाभा, आहे: पान मांडायला ब्लिंक आणि जावास्क्रिप्ट चालवायला व्ही८. ऑपेरा २०१३ मध्ये या वाटेला आला, एज जानेवारी २०२० मध्ये. त्यामुळे या पाचांत वेगवान कोण, या वादात फारसा अर्थ नाही. पान लवकर उघडलंच तर ते बहुतेक वेळा जाहिराती अडवल्यामुळे. वेगळी इंजिनं उरतात ती दोन: फायरफॉक्सचं गेको आणि सफारीचं वेबकिट. सफारी विंडोजवर २०१२ पासून नाही, म्हणून ती इथे तुलनेत नाही.

तरी मोजायचंच असेल तर स्पीडोमीटर ३ वापरा. ही चाचणी ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला यांनी मिळून मार्च २०२४ मध्ये आणली. टायपिंग आणि क्लिक केल्यावर वेब ॲप किती चटकन प्रतिसाद देतं, ते ती मोजते. लॅपटॉप चार्जरला लावा, नवं प्रोफाइल उघडा, एकही एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं पूरक) नको, तीनदा चालवा आणि मधला आकडा धरा. बॅटरीवर चालवलेल्या चाचणीला काही किंमत नाही, कारण तेव्हा प्रोसेसर आणि ब्राउझर दोघंही वीज वाचवण्याच्या मागे असतात.

आता मेमरी. ‘दहा टॅब उघडले तर टास्क मॅनेजरमध्ये वीस-पंचवीस प्रोसेस का दिसतात?’ हा नेहमीचा प्रश्न. प्रोसेस म्हणजे प्रोग्रॅमचा स्वतंत्रपणे चालणारा भाग, आणि त्यांची संख्या वाढण्याचं कारण सुरक्षिततेचं आहे. २०१८ च्या सुरुवातीला प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष उघड झाला. एका साइटच्या कोडला त्याच प्रोसेसमधला दुसऱ्या साइटचा डेटा वाचता येण्याची शक्यता त्याने निर्माण केली. त्याच वर्षी क्रोमने ६७ व्या आवृत्तीत डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला (याला साइट आयसोलेशन म्हणतात) सुरुवात केली. त्यापायी मेमरी १० ते १३ टक्के जास्त लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सने हीच वाट २०२१ च्या अखेरीस ९५ व्या आवृत्तीपासून धरली. म्हणजे ही जास्तीची मेमरी सुरक्षिततेसाठी खर्च होते. ती वाचवायला साइट आयसोलेशन बंद करण्याचे सल्ले मिळतात, ते अजिबात ऐकू नका.

खरा हिशोब ब्राउझरच्या स्वतःच्या टास्क मॅनेजरमध्ये दिसतो. क्रोम, एज, ब्रेव्हमध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, मेमरीच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. सगळ्यात वर बहुधा ‘ब्राउझर’ आणि ‘जीपीयू प्रोसेस’ या ओळी असतात. त्या टॅब बंद करून फारशा खाली येत नाहीत. त्याखाली टॅब, आणि मध्येच ‘सबफ्रेम’ अशा ओळी. सबफ्रेम म्हणजे पानात बसवलेली दुसऱ्या साइटची चौकट, म्हणजे जाहिरात, व्हिडिओ किंवा कमेंटचा डबा. लेखाचं साधं पान एकटं साधारण १०० एमबीच्या आसपास असतं. पण तेच पान जाहिरातींसकट चार-पाच सबफ्रेम घेऊन येतं तेव्हा त्याचा खरा भार दुपटी-तिपटीचा होतो. टॅबवर माउस नेल्यावर दिसणाऱ्या आकड्यापेक्षा या यादीवर भरवसा ठेवा. फायरफॉक्समध्ये हेच काम पत्त्याच्या पट्टीत ‘अबाउट:प्रोसेसेस’ टाइप करून होतं. तिथे प्रत्येक टॅबसमोर प्रोसेसर किती खातोय तेही दिसतं, आणि टॅब तिथूनच बंद करता येतो.

विंडोजच्या टास्क मॅनेजरचा आकडा मात्र फसवा असतो. त्याच्या पहिल्या पानावरच्या मेमरी रकान्यात, कॉम्प्रेस करून ठेवलेली किंवा डिस्कवर ढकललेली मेमरी धरलेली नसते. म्हणून झोपलेला टॅब जवळपास शून्यावर गेल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात त्याने जागा सोडलेली नसते. ‘डिटेल्स’मध्ये जाऊन रकान्याच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि ‘कमिट साइझ’ (प्रोसेससाठी राखून ठेवलेली एकूण मेमरी) हा रकाना घ्या. ‘परफॉर्मन्स’मधल्या मेमरीच्या पानावर ‘कमिटेड’खाली दोन आकडे असतात. दुसरा आकडा म्हणजे रॅम आणि पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली जागा) मिळून असलेली मर्यादा. पहिला आकडा तिथे टेकला की रॅम थोडी मोकळी दिसत असतानाही टॅब ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणत कोसळतो. ‘एसएसडी वाचेल’ म्हणून पेजफाइल बंद करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक इथूनच येतात. ती विंडोजच्याच हाती राहू द्या.

टॅब सोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांतला फरक समजला की बाकी सगळं सोपं होतं. एक, टॅब गोठवणं. प्रोसेसर वापरणं थांबतं, पान मेमरीतच राहतं, क्लिक केलं की जसंच्या तसं पुढे येतं. दोन, टॅब टाकून देणं. मेमरी खरोखर मोकळी होते, पट्टीवर फक्त नाव आणि चिन्ह उरतं, आणि क्लिक केल्यावर पान नेटवरून पुन्हा लोड होतं.

एजचे ‘स्लीपिंग टॅब्ज’ मुळात पहिल्या तऱ्हेचे. ८८ व्या आवृत्तीपासून ते आहेत आणि झोपण्याची वेळ ३० सेकंदांपासून १२ तासांपर्यंत निवडता येते. ८ जीबीवर १५ मिनिटं योग्य वाटली. ३० सेकंद ठेवलं तर मागे काहीतरी मोजत बसलेली पानं मध्येच थांबतात. क्रोमचा ‘मेमरी सेव्हर’ दुसऱ्या तऱ्हेचा आहे. सेटिंगमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर मॉडरेट, बॅलन्स्ड आणि मॅक्झिमम अशा तीन पायऱ्या मिळतात. आवाज चालू असलेला, पिन केलेला, स्क्रीन शेअर करत असलेला किंवा अर्धवट फॉर्म भरलेला टॅब तो टाकत नाही. तरी फॉर्मच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. बऱ्याच साइटवर मजकुराची चौकट साधी नसते, जावास्क्रिप्टने रचलेली असते, आणि तिथे लिहिलेलं ब्राउझरच्या लक्षात येईलच असं नाही. ज्या साइटवर तुम्ही लांबलचक लिहिता त्या ‘ऑलवेज कीप दीज साइट्स ॲक्टिव्ह’च्या यादीत आधीच घालून ठेवा. मॅक्झिमम पायरी ८ जीबीवरही नको, सारखं पुन्हा लोड होण्याने वैताग येतो. बॅलन्स्ड पुरते.

फायरफॉक्स घड्याळ बघून टॅब सोडत नाही. मेमरी खरंच कमी पडली की सगळ्यात जास्त काळ न पाहिलेल्या टॅबपासून सुरुवात करतो. विंडोजवर ही सोय ९३ व्या आवृत्तीपासून आहे. कुणाचा नंबर आधी लागणार ते ‘अबाउट:अनलोड्स’मध्ये दिसतं. १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट क्लिक करून ‘अनलोड टॅब’ म्हणता येतं, आणि हा पर्याय मला फार आवडतो, कारण निर्णय आपल्या हातात राहतो. शंभरेक टॅब बाळगणाऱ्यांसाठी आणखी मोलाची गोष्ट म्हणजे आधीचं सत्र पुन्हा उघडल्यावर फायरफॉक्स फक्त समोरचा टॅब लोड करतो, बाकीचे क्लिक करेपर्यंत नुसते नावापुरते असतात. क्रोमियमवाले मागचे टॅबही हळूहळू लोड करत जातात, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटं पंखा फिरत राहतो.

फायरफॉक्सची दुखरी बाजूही आहे. लॅपटॉप आठवडाभर नुसता झोपवत राहिलात तर त्याची मेमरी फुगत जाते. ‘अबाउट:मेमरी’ उघडून ‘मिनिमाइझ मेमरी युसेज’ हे बटण दाबा. आकडा खाली आला तर तो साठलेला कचरा होता. नाही आला तर एखादं पान मेमरी गळवतंय. अबाउट:प्रोसेसेसमध्ये ते शोधा आणि तेवढा टॅब बंद करून पुन्हा उघडा.

जाहिराती अडवण्याच्या बाबतीत आता निवड स्पष्ट झाली आहे. मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेंशनसाठीच्या गूगलच्या नव्या नियमांमुळे जाहिराती अडवणारं मूळ युब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेंशन क्रोममध्ये चालत नाही, १३९ व्या आवृत्तीपासून तर कंपन्यांना आपल्या संगणकांवर पॉलिसीतून जुनी एक्स्टेंशन चालू ठेवण्याची पळवाटही बंद झाली. तिथे युब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. ते हलकं आहे, रोजच्या साइटवर चांगलं काम करतं, पण नियम आधीच ठरवून ब्राउझरकडे द्यावे लागत असल्याने अडेल साइटवर कमी पडतं. फायरफॉक्समध्ये मूळ युब्लॉक पूर्ण ताकदीने चालतं. ब्रेव्हमध्ये अडवणारी यंत्रणा एक्स्टेंशन नसून ब्राउझरमध्येच रस्ट भाषेत लिहिलेली आहे, त्यामुळे मॅनिफेस्टचा तिला अडसर नाही. ८ जीबीवर मेमरी वाचवण्याचा सगळ्यात परिणामकारक उपाय हाच आहे, कारण सबफ्रेम तयारच होत नाहीत. मात्र एकच ब्लॉकर ठेवा. दोन ठेवले तर दोघंही प्रत्येक विनंती तपासतात आणि पान मोडलं तर दोष कुणाचा ते कळत नाही.

व्हिडिओ पाहताना प्रोसेसर तापत असेल तर दर वेळी चूक ब्राउझरची नसते. यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडा आणि कोडेकची (व्हिडिओ कुठल्या पद्धतीने आकुंचित केलाय त्याची) ओळ बघा. तिथे एव्ही१ असेल आणि लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर ११ व्या पिढीच्या आधीचा असेल, तर त्याच्यातल्या ग्राफिक्सला एव्ही१ उलगडता येत नाही आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’मध्ये जाऊन ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ फॉल्स करा, यूट्यूब व्हीपी९ वर येतं. क्रोमियममध्ये यूट्यूबच्याच खात्याच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये एव्ही१ साठी पर्याय असतो. त्याआधी ‘क्रोम://जीपीयू’वर ‘व्हिडिओ डीकोड’समोर हार्डवेअर ॲक्सिलरेटेड लिहिलंय ना, एवढं तपासा.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. उभे टॅब एजमध्ये २०२१ पासून आहेत आणि अजूनही सफाईदार वाटतात. फायरफॉक्समध्ये ते १३६ व्या आवृत्तीत आले, टॅबचे गट १३८ मध्ये. एकाच साइटवर दोन खाती एकाच विंडोत उघडायची असतील तर फायरफॉक्सच्या मल्टी-अकाउंट कंटेनर्सला (टॅबांची लॉगिन एकमेकांपासून वेगळी ठेवणाऱ्या एक्स्टेंशनला) तोड नाही. स्कॅन केलेल्या मोठ्या पीडीएफ क्रोम आणि एजमध्ये जास्त झटपट सरकतात, फायरफॉक्सचा पीडीएफ वाचक जावास्क्रिप्टवर चालतो आणि शे-दोनशे पानांच्या स्कॅनवर अडखळतो. विवाल्डीत सोयींची रेलचेल आहे, पण त्याची विंडोसुद्धा वेब तंत्रानेच बांधलेली असल्याने जुन्या यंत्रावर ती जड वाटते.

कुठलाही क्रोमियम ब्राउझर घेतलात तरी सेटिंगमध्ये सिस्टिमच्या पानावर जाऊन, ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू ठेवण्याचा पर्याय आधी बंद करा. एजमध्ये त्याच पानावर ‘स्टार्टअप बूस्ट’ही बंद करा. एसएसडीवर त्याने फारसा वेळ वाचत नाही आणि ब्राउझर न उघडताच मेमरी अडते. क्रोममध्ये ‘प्रीलोड पेजेस’ (तुम्ही उघडाल अशा अंदाजाने पानं आधीच आणून ठेवण्याची सोय) एक्स्टेंडेडवर असेल तर स्टँडर्डवर आणा.

८ जीबीवर माझी पसंती फायरफॉक्स आणि युब्लॉक ओरिजिनला. ज्यांची कामाची साइट क्रोमियमशिवाय नीट चालत नाही त्यांनी ब्रेव्ह घ्यावा, आणि त्यातली क्रिप्टो वॉलेट व रिवॉर्ड्सची बटणं सेटिंगमधून लपवावी. १६ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर हाताला सवय असलेला ब्राउझर सोडायचं कारण मला दिसत नाही.

एका ब्राउझरमधून दुसऱ्यात जाताना बुकमार्क आणि इतिहास सहज येतात, एक्स्टेंशनची सेटिंग येत नाहीत. युब्लॉकच्या डॅशबोर्डमधून ‘बॅकअप टू फाइल’ करून ती वेगळी आणा. पासवर्ड सीएसव्ही फाइलमधून आणले असतील तर लक्षात ठेवा, त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. आयात झाली की दोन-तीन साइटवर लॉगिन करून खात्री करा, मग ती फाइल डाउनलोड्समधून आणि रीसायकल बिनमधूनही काढून टाका. डाउनलोड्सचं फोल्डर क्लाउडवर सिंक होत असेल तर तिथल्या ट्रॅशमध्ये तिची प्रत उरते, तीही पुसा.