सोळा हजार लिटरचा हिशेब : बंद स्विमिंग पूल सुरू करून देण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

पाऊस सरला की गोव्यात घराघरांतल्या बंद पडलेल्या स्विमिंग पूलची आठवण होते. दिवाळीची सुट्टी तोंडावर, नातवंडे यायची, आणि अंगणातल्या फ्रेमच्या पूलमध्ये हिरवा चिखल, वर माडाच्या झावळ्या आणि डासांच्या अळ्या. नेमक्या याच पंधरवड्यात ‘चार दिवसांत निळेशार पाणी’ सांगणारी माणसे दारात येतात. उत्तर गोव्यात बार्देशातल्या एका घरी अशाच माणसाने ६४,००० रुपये नेले. त्यातले ४०,००० आगाऊ, तेही यूपीआयवर भलत्याच कुणाच्या नावाने. बारा दिवसांत पाणी पुन्हा हिरवे झाले आणि फोन लागेना. त्या बिलातली जवळजवळ प्रत्येक ओळ कागदावर हिशेब करून आधीच पकडता आली असती. म्हणून तो हिशेबच येथे मांडतो.

पूल साधाच होता. पंधरा फूट व्यासाचा, चार फूट उंच, लोखंडी नळ्यांची फ्रेम, पीव्हीसीचा लायनर (आतले अस्तर), अर्ध्या अश्वशक्तीचा पंप आणि सोळा इंची सॅण्ड फिल्टर. दोन पावसाळे हात न लागलेला. पंधरा फूट म्हणजे ४.५७ मीटर, त्रिज्या २.२८५ मीटर, तिचा वर्ग ५.२२, त्याला ३.१४ ने गुणले की १६.४. पाणी एक मीटर उंच भरतात, म्हणजे १६.४ घनमीटर, अर्थात १६,४०० लिटर. हा आकडा पाठ हवा, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. पूल किती लिटरचा हे न विचारता, टेपने न मोजता जो रसायनांची यादी सांगू लागतो, त्याला तिथेच थांबवा. या माणसाने एकदाही मोजमाप घेतले नव्हते.

बिलात पहिली ओळ होती, सगळे पाणी काढणे आणि चार टँकर भरणे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर दोन टँकर पुरून उरतात. चार टँकर ओतायला जागाच नाही. पण त्याहून महत्त्वाचे असे की पाणी पूर्ण काढायची गरजच नव्हती. पाणी बदलावे लागते ते मुख्यतः सायन्यूरिक ॲसिड (उन्हात क्लोरीन टिकवणारे रसायन) फार साठले तर. टीसीसीए, म्हणजे पूलसाठीच्या क्लोरीनच्या गोळ्या विरघळतात तेव्हा क्लोरीनबरोबर हे ॲसिडही पाण्यात उतरते, दर १० पीपीएम (हजार लिटरला दहा ग्रॅम) क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम, आणि ते उडून जात नाही. शंभराच्या वर गेले की क्लोरीनचा प्रभाव मंदावतो. मात्र गोव्यात एका पावसाळ्यात साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मीटर पाण्याच्या उघड्या हौदात तीन मीटर पाऊस पडून वरून वाहून गेला की जुने काय उरणार? दोन पावसाळ्यांनंतर तर हे ॲसिड शून्याच्या आसपासच असते. म्हणजे त्या हिरव्या पाण्यात जाळीने पाने-गाळ काढून, जागच्या जागी उपचार करता आला असता.

पाणी काढल्यावर आणखी नुकसान झाले. तळाचा गाळ लोखंडी फावड्याने ओढला आणि लायनर दोन ठिकाणी कापला गेला. लगेच ‘लायनर जुना झाला, कुजलाय’ म्हणून ठिगळांचे वेगळे पैसे लावले. गाळ काढायला प्लॅस्टिकची सुपडी आणि मऊ झाडू लागतो, फावडे नव्हे. पाणी खरोखर गळते का हे पाहायचे असेल तर एक बादली पाण्याने भरून पूलमध्येच वजन ठेवून अर्धी बुडवा, बादलीतल्या आणि बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर खूण करा, पंप बंद ठेवा आणि चोवीस तासांनी बघा. दोन्ही सारखे उतरले तर ते बाष्पीभवन. बाहेरचे जास्त उतरले तर गळती.

टँकरचे पाणी विहिरीचे होते. जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात ते विरघळलेले असते. दिसायला पाणी नितळ. क्लोरीन पडला की लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि काही तासांत सगळे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस. इथेही तेच झाले. त्या माणसाने सांगितले, “काकी, हे लाल शेवाळ. याचे औषध वेगळे.” आणि बिनलेबलची एक बाटली भारी दराने ओतली. शेवाळ रातोरात चहाच्या रंगाचे होत नाही. पाणी भरण्याआधी पांढऱ्या बादलीत वीस लिटर घ्या, चिमूटभर क्लोरीन पावडर टाका, दोन-तीन तास ठेवा. तांबूस झाले तर लोह आहे. मग क्लोरीन राखून फिल्टर सलग चालवायचा, वारंवार बॅकवॉश करायचा, म्हणजे उलट्या दिशेने पाणी सोडून वाळू धुवायची. ऑक्सिडीकरण झालेले लोह गाळातच निघते. यावर उपाय वेळ आणि वाळू हाच आहे.

आता क्लोरीन. एक पीपीएम म्हणजे हजार लिटरला एक ग्रॅम, म्हणून या पूलला एक पीपीएम वाढवायला १६.४ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतो. ६५ टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइट (कॅल हायपो) असेल तर २५ ग्रॅम. १० टक्क्यांचे द्रव हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर साधारण १६५ मिलिलिटर. गोव्याच्या उन्हात क्लोरीन टिकावा म्हणून आधी सायन्यूरिक ॲसिड ३० पीपीएमपर्यंत न्यायचे, म्हणजे सुमारे अर्धा किलो. त्या पातळीला शेवाळ मारायला क्लोरीन १२ पीपीएमवर नेऊन तिथेच धरून ठेवावा लागतो. एका वेळचा डोस झाला ३०० ग्रॅम कॅल हायपो किंवा दोन लिटर द्रव. शेवाळ क्लोरीन खात जाते, म्हणून पहिले दोन दिवस दर काही तासांनी मोजून भर घालायची. असा हौद स्वच्छ होईपर्यंत एकूण दोन-तीन किलो गेले तर नवल नाही. बिलात होते दहा किलो ‘शॉक पावडर’. तेवढी खरोखर पडली असती तर पाण्यात जवळजवळ ४०० पीपीएम क्लोरीन झाला असता आणि लायनरचा रंग उडाला असता. प्रत्यक्षात पडली ती साधी ब्लीचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन तिशीच्या घरात, बाकी बराचसा चुना. तळावर बसलेला पांढरा साका हा तिचा पुरावा. पोते सीलबंद आहे का, त्यावर उत्पादकाचे नाव, टक्केवारी आणि तारीख आहे का, हे बघून मगच फोडू द्या, आणि फोटो काढा. द्रव हायपोचा कॅन उन्हात महिनाभर पडला असेल तर त्याची ताकद बरीच उतरलेली असते, हेही लक्षात असू द्या.

पाणी ‘निळेशार’ झाले ते मोरचुदाने (कॉपर सल्फेट). तुरटीने गाळ खाली बसवला आणि मूठमूठ मोरचूद टाकला. पाव किलो मोरचूद १६,४०० लिटरमध्ये म्हणजे जवळजवळ ४ पीपीएम तांबे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा २ आहे, आणि तेच पाणी पोहताना मुलांच्या तोंडात जाते. निळी झाक ही तांब्याची. क्लोरीन नसतानाही ती दिसते. काही दिवसांनी पीएच वाढला की तांबे लायनरवर हिरवट-काळे डाग होऊन बसते आणि ते सहज निघत नाहीत. स्वच्छ पाणी ओळखायचे ते रंगावरून नव्हे. तळाच्या ड्रेनच्या जाळीची एकेक रेघ वरून दिसली पाहिजे.

तुरटीचा वापर मुळात चूक नाही. घनमीटरला ३० ते ५० ग्रॅम, म्हणजे इथे अर्धा किलो ते सुमारे ८०० ग्रॅम. पण आपल्याकडच्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते, अल्कलिनिटी (आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची क्षमता) कमी; अशा पाण्यात तुरटी नीट बसत नाही. आधी खाण्याचा सोडा घालायचा. या पूलला अल्कलिनिटी १० पीपीएम वाढवायला पाव किलोहून थोडा जास्त, तीसवरून नव्वदवर न्यायला साधारण १ किलो ६५० ग्रॅम. मग तुरटी, रात्रभर पंप बंद, आणि सकाळी बसलेला गाळ व्हॅक्यूमने ‘वेस्ट’वर, म्हणजे फिल्टर वगळून थेट बाहेर. त्या माणसाने व्हॉल्व्ह ‘फिल्टर’वरच ठेवला. तुरटीचा चिकट गाळ वाळूत शिरून तिचा गोळा झाला, आणि बिलात भर पडली ती ‘नवा फिल्टर मीडिया’.

या ‘मीडिया’ची गोष्ट सगळ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. फिल्टरला लागते ती धुतलेली सिलिका वाळू, साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, सारख्या दाण्यांची. त्याने भरली बांधकामाची रेती. ओळखायला सोपे आहे: मूठभर वाळू काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, पाणी मातकट झाले तर ती धुतलेली नाही. थोड्या दाण्यांवर ॲसिडचा थेंब टाका. फेस आला तर त्यात शिंपल्यांचा चुरा आहे, सिलिकावर फेस येत नाही. भरतानाही पद्धत असते. टाकी आधी अर्धी पाण्याने भरायची, मधल्या नळीचे तोंड प्लॅस्टिकने बांधायचे आणि मग वाळू सावकाश सोडायची. कोरड्या टाकीत पोते उपडे केले की तळाच्या लॅटरल नळ्या (पाणी गोळा करणाऱ्या बारीक फटींच्या नळ्या) मोडतात आणि वाळू परतीच्या पाण्याबरोबर पूलमध्ये येत राहते. त्या घरी तळावर वाळूची रांगोळी उमटली ती यामुळेच. नव्या वाळूनंतर दाबमापकावरचा आकडा टाकीवरच लिहून ठेवा. त्याहून ८ ते १० पीएसआय चढला की बॅकवॉश.

“मोटर जळली” हे वाक्य तर ठरलेलेच. बटण दाबले की मोटर नुसती हुंकारते, फिरत नाही. जळलेली मोटर सहसा अशी नसते. तिला करपल्याचा वास येतो, एमसीबी (विजेचे आपोआप बंद होणारे बटण) पडतो. हुंकार म्हणजे बहुधा कपॅसिटर गेलेला किंवा दोन पावसाळ्यांच्या दमटीने बेअरिंग-इंपेलर अडकलेला. वीज तोडून मागचे झाकण काढा आणि पंखा हाताने फिरवा. सहज फिरला तर कपॅसिटर, जो मोटरच्या मानाने अगदी स्वस्त असतो. तो मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घ्या, कारण वीज तोडल्यावरही त्यात भार राहतो. पंखा अडकला तर बेअरिंग. जुनी मोटर नेऊ देऊ नका. नेली की पुरावाही गेला, आणि दुरुस्त होऊन ती दुसऱ्या कुणाला विकलीही जाते. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारे बटण) आणि अर्थिंग हवेच.

चाचणी दाखवूनही फसवतात. पिवळ्या थेंबांचा ओटीओ संच फक्त एकूण क्लोरीन दाखवतो, उपयोगी किती ते नाही. त्यासाठी गुलाबी होणारा डीपीडी संच लागतो. पण क्लोरीन फार चढलेला असेल तर डीपीडीचा गुलाबी रंगच उडतो आणि नमुना रंगहीन दिसतो. “बघा, शून्य,” म्हणत आणखी पावडर विकली जाते. नमुन्यात चौपट साधे पाणी मिसळून पुन्हा तपासा, गुलाबी उमटला तर क्लोरीन भरपूर आहे. तसेच जास्त क्लोरीनमध्ये फेनॉल रेडचा (पीएच मोजायच्या थेंबांचा) रंग जांभळट होतो आणि पीएच खोटा चढा दिसतो. त्यावर ॲसिड ओतू नका. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. टीसीसीए आणि कॅल हायपो एका डब्यात किंवा एका मगात कधीच नको, आग लागते.

या सगळ्यात सर्वांत गंभीर गोष्ट बिलात ‘फ्रेम पेंटिंग’ म्हणून होती. समुद्राकडच्या खाऱ्या हवेने गंजलेल्या पायांवर चंदेरी रंग मारला होता. आत सोळा टनांहून अधिक पाणी भरले की त्याचा बाहेर ढकलणारा दाब या नळ्यांना सोसावा लागतो. पाय जमिनीला टेकतो तिथे आणि सांध्यांत स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. टोक आत गेले, पापुद्रे निघाले तर तो पाय बदलल्याशिवाय पाणी भरू नका. रंगाने गंज झाकतो, ताकद येत नाही. फ्रेम फुटली तर शेजारी खेळणारे मूल पाण्याबरोबर चिऱ्याच्या कुंपणावर आदळेल.

काम देण्याआधी कागदावर घ्या: पूलचे लिटर, प्रत्येक रसायनाचे नाव, टक्केवारी आणि वजन, सुटे भाग जुने परत देण्याची अट, जीएसटी क्रमांक. पैसे टप्प्याने, आणि शेवटचा टप्पा रात्रीच्या चाचणीनंतर. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, सकाळी ऊन पडण्याआधी पुन्हा मोजा. एक पीपीएमपेक्षा कमी घट, बांधलेला क्लोरीन (घाणीशी जुळून निकामी झालेला) अर्ध्या पीपीएमच्या आत आणि तळ स्वच्छ दिसत असेल तरच काम पुरे झाले. निळ्या पाण्यावर भाळून शिल्लक २४,००० दिली गेली, तेव्हा ही चाचणी झालीच नव्हती.

पैसे गेले असतील तर यूपीआयचा व्यवहार-क्रमांक, बिल, पोत्यांचे आणि तळाचे फोटो, बाटलीत भरून ठेवलेली वाळू, सगळे जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी वेगवेगळे आयोग आहेत. आगाऊ रक्कम घेऊन माणूस फिरकलाच नाही तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, कारण खात्यातले पैसे गोठवायला तास मोजके असतात.