घड्याळाच्या पाठीवरचं स्पिटफायर

आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचा स्पिटफायर क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, मी सेकंडहँड घेतला. २०१२ च्या मालिकेतला, ४३ मिलिमीटरचा. डायल देखणी आहेच, पण पैसे मोजले ते मागच्या झाकणावर कोरलेल्या स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानासाठी.

जुन्या घड्याळांचे काही शौकीन अशा चित्राला नाकं मुरडतात, खऱ्या लष्करी घड्याळांवर ते नसायचं म्हणून. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या ५५ मिलिमीटरच्या जर्मन वैमानिकी घड्याळांच्या कडेवर 'एफएल २३८८३' कोरलेलं असायचं. पुढे ब्रिटिश हवाई दलाच्या मार्क ११ या घड्याळाच्या पाठीवर सरकारी मालाची खूण असलेला बाण आणि '६बी/३४६' आलं. विमान दोन्हींवर नाही. ते सरकारी सामान होतं, त्याला नंबर पुरे. विमानाचं चित्र हा नंतरचा, आठवण जपण्याचा प्रकार. पण आठवण जपायचीच तर विमान ओळखू आलं पाहिजे, आणि मी तेवढंच तपासते.

स्पिटफायर कोरणं सोपं नाही. आर. जे. मिचेल यांनी आखलेलं हे विमान ५ मार्च १९३६ ला पहिल्यांदा उडालं, आणि त्याची सगळी ओळख त्या पातळ, लंबवर्तुळाकार पंखांत आहे. पंखाची कड जरा सरळ झाली की ते त्या काळातलं कुठलंही लढाऊ विमान वाटायला लागतं. इथे ती वळणं सांभाळली आहेत. भिंगाखाली रेघ कुठे तुटत नाही, आणि दिव्याखाली झाकण तिरकं धरलं की विमान धातूपासून सुटून वर येतं. नुसत्या छापाला ही खोली येत नाही.

झाकण बंद का, काच का नाही, असं पुष्कळजण विचारतात. चुंबकीय क्षेत्रापासून यंत्र वाचवायला बऱ्याच वैमानिकी घड्याळांत मऊ लोखंडाचं आतलं कवच घालतात. मार्क ११ मध्येही ते होतं. वरून काच लावून दिसणार काय, तर लोखंडाची चकती! म्हणून ती जागा कोरीवकामाला मिळते आणि मला त्याचा आनंदच आहे.

घड्याळात फ्लायबॅक आहे, म्हणजे स्टॉपवॉचची मोजणी चालू असताना एका दाबात काटा शून्यावर येऊन लगेच पुन्हा धावतो. विमानातल्या उंचीमापकासारखी, तीन तारखा एकदम दाखवणारी खिडकी मला डायलवर गर्दी वाटते.

सेकंडहँड घेणार असाल तर विक्रेत्याकडून पाठीचा फोटो मागा, तोही तिरक्या उजेडातला. बफिंग मारलेलं, म्हणजे यंत्रावर घासून पॉलिश केलेलं घड्याळ पुढून नव्यासारखं चमकतं, पण पाठीवरची बारीक रेघ त्यात कायमची जाते. आधी पंखांची टोकं बघा. टोकं पुसट असतील तर दुसरं शोधा. सर्व्हिसिंगला देतानाही पावतीवर 'पॉलिश करू नये' असं लिहूनच घ्या, नुसतं तोंडी सांगून भागत नाही.