पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर, गोठ्याच्या घरात २६ रात्री

वेल्समधील सेंट डेव्हिड्सजवळ, एका चालू शेताच्या आवारात, जुने गोठे आणि धान्याचे कोठार सुधारून पाच कॉटेजेस भाड्याने दिल्या जातात. गेल्या ऑक्टोबरपासून यंदाच्या जूनपर्यंत आम्ही त्यांतल्या एकाच कॉटेजमध्ये चार वेळा राहिलो. रात्री मोजल्या तर २६ भरतात. पहिल्याच मुक्कामानंतर लिहायला बसले असते, तर नुसते कौतुकच लिहिले असते.

आमची कॉटेज म्हणजे पूर्वीचा गाईंचा गोठा. भिंती दगडी आणि हातभराहून जाड, वर स्लेटची कौले. हवा खेळावी म्हणून ठेवलेल्या उभ्या फटींना काचा बसवून खिडक्या केल्या आहेत. त्या देखण्या आहेत, पण त्यांतून उजेड बेताचाच येतो. गाईंना उजेडाची फारशी गरज नव्हती आणि ऊब त्या स्वतःच्या अंगाचीच आणत. माणसांचे तसे नसते, हे जानेवारीत कळले.

घर आठवडाभर रिकामे होते आणि तेलावर चालणारा बॉयलर आम्ही पोहोचल्यावरच सुरू झाला. पहिली रात्रभर भिंती उष्णता पीत राहिल्या. स्वेटर उतरवण्याइतकी ऊब यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. पलंगाच्या डोक्याकडची भिंत हाताला ओलसर लागत होती, आणि कपाटातल्या चादरींना आमच्या रत्नागिरीच्या घरात आषाढात ट्रंकेतल्या कपड्यांना येतो तोच वास होता. अशा भिंती मुळात चुन्यात बांधलेल्या असतात, आणि चुना ओल शोषून पुन्हा बाहेर सोडतो. इथे मात्र नूतनीकरणात दगडांचे सांधे सिमेंटने भरल्यामुळे ओल आतच अडकते. मालकीणबाईंना सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता एका रात्रीचे भाडे परत केले आणि ओलावा शोषणारे यंत्र आणून ठेवले. त्याची टाकी रोज सकाळी भरलेली असे.

जानेवारीचे भाडे मात्र जूनच्या निम्म्याहूनही कमी होते. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून अशा घराला घरपट्टीऐवजी व्यवसायाचा कर लागू व्हायचा असेल, तर ते वर्षात किमान १८२ दिवस प्रत्यक्ष भाड्याने गेलेले असावे लागते. केवळ उन्हाळ्याच्या सुट्टीवर एवढे दिवस भरणे कठीण, म्हणून हिवाळ्यात घासाघीस करायला हरकत नाही.

स्वयंपाकघरात भांडी भरपूर आहेत, परंतु शेगडी विजेची, सपाट काचेची असल्यामुळे गोल बुडाची कढई तिच्यावर डगमगते. फुलके ओव्हनच्या ग्रिलखाली छान फुगतात, हा शोध आम्हाला तिसऱ्या मुक्कामात लागला. बैठक आणि स्वयंपाकघर एकाच उंच छपराखाली असल्याने फोडणीत मिरची पडली की धुराचा अलार्म कोकलू लागतो. खुर्चीवर उभे राहून त्याला टॉवेलने वारा घालण्याचे काम आमच्या मुलाकडे होते. सांडपाणी सेप्टिक टाकीत जाते, त्यामुळे तळणाचे तेल मोरीत ओतायचे नाही. मोठ्या सुपरमार्केटसाठी हॅवरफर्डवेस्टला, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर जावे लागते. डाळी, कणीक आणि कढीपत्ता घरूनच न्यावा.

मार्चमध्ये शेतात शेणाचा काला फवारला गेला आणि दोन दिवस खिडक्या उघडता आल्या नाहीत. शेतावर राहायचे म्हटल्यावर त्याची तक्रार मी करणार नाही.

जूनमध्ये त्याच जाड भिंतींनी घर भर दुपारीही गार ठेवले. शेताच्या कडेने वीस मिनिटे चालले की १९७० साली खुली झालेली, सुमारे ३०० किलोमीटर लांबीची किनारी पायवाट लागते. सूर्य साडेनऊनंतर मावळत असल्यामुळे रात्रीचे जेवण उरकूनही आम्ही रोज तिथपर्यंत जात असू. स्कोमर बेटावरचे पफिन पक्षी जुलैअखेर निघून जातात, म्हणून ते पाहायचे असतील तर ऑगस्टची वाट पाहू नये.

पुढचा मुक्काम आम्ही सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ठरवला आहे. बॉयलर आदल्या दिवशी सुरू करण्याचे आणि पलंग आतल्या भिंतीला लावून ठेवण्याचे मालकीणबाईंनी कबूल केले आहे.