केबल काढून ओटीटी घेतलं: बडोद्यातल्या मराठी घराचा अनुभव

दिवाळीनंतर केबल बंद करून ओटीटी, म्हणजे इंटरनेटवरून ॲपवर चालणारा टीव्ही, घेतला, आता पावसाळा लागलाय. मधल्या काळात "परवडतं का गं?" असं इतक्या जणींनी विचारलं की एकदाचं सविस्तर लिहूनच टाकते. परवडत नाही. केबलपेक्षा स्वस्त पडेल या हिशोबाने कोणी जाणार असेल तर जाऊ नका. आम्ही गेलो ते मराठीपायी, आणि त्यापुरता सौदा चांगला झाला.

बडोद्यात बसून मराठी वाहिन्या बघणं म्हणजे काय कटकट असते, ते पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळायचं नाही. तिकडे साध्या पॅकमध्येच मराठी येतं. इथे पॅक गुजराती-हिंदीचा. ट्रायचे, म्हणजे टीव्ही-फोनवाल्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम १ फेब्रुवारी २०१९ ला लागू झाले तेव्हा मी खूश होते. पहिल्या शंभर वाहिन्यांचं नेटवर्कचं भाडं तेव्हा १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, आणि पुढे ज्या वाहिनीचे पैसे भराल तीच दिसणार. म्हणजे हवी ती मराठी वाहिनी सुटी घ्या, नको ती सोडा. पण आमच्या केबलवाल्या भाईकडे तयार पॅक गुजरातीच. तो घ्यायचाच, आणि मराठी त्याच्यावर. शिवाय पॅक बदलला की आमच्या वाहिन्या गळालेल्या असायच्या. फोन करावा तर उत्तर ठरलेलं: "बेन, ए तो उपरथी बंध थई गई." म्हणजे ताई, ती वरूनच बंद झाली.

यात भाईचा दोष थोडाच. केबलचं कामच तसं आहे. कंट्रोल रूममध्ये मोठ्या डिशवर वाहिन्या उतरवून घेतात आणि सगळ्यांचा एकच गठ्ठा तारेतून घरोघरी सोडतात. तुमच्या बॉक्समध्ये काय उघडायचं एवढंच कार्ड ठरवतं. गठ्ठ्यात जागा मोजकी, त्यामुळे गावात ज्यांची संख्या जास्त त्यांच्या वाहिन्या आधी. ओटीटीत तुम्ही मागाल तेवढंच, तुमच्या एकट्यापुरतं सर्व्हरवरून निघतं. केबल हा गणपतीतला लाऊडस्पीकर आणि हा फोन, असं मी आईंना, म्हणजे सासूबाईंना समजावलं होतं. ॲपला तुम्ही बडोद्यात आहात की बीडमध्ये याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता यातली मेख. झी मराठी बघायची तर झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीला जिओहॉटस्टार, सोनी मराठीला सोनीलिव्ह. एका रिमोटवर शेजारी-शेजारी असलेल्या वाहिन्या तीन दुकानांत विभागल्या गेल्या. त्यात मुलांचं नेटफ्लिक्स (१४९ ते ६४९ रुपये महिना, टीव्हीवर बघायचं तर १४९ वालं चालत नाही) आणि प्राइमचे वर्षाचे १४९९. प्राइमवर जून २०२५ पासून जाहिरातीही सुरू झाल्या, त्या नको असतील तर आणखी पैसे. ब्रॉडबँडचं बिल वेगळं. सगळं एकदम चालू ठेवलं तर केबलच्या बिलाची आठवण येऊन रडू येईल. आम्ही एकच ॲप वर्षभरासाठी घेतलंय, आईंच्या मालिकांचं. बाकीची आळीपाळीने, महिन्या-महिन्यापुरती. पैसे आपोआप कापले जाण्याच्या निदान चोवीस तास आधी कळवलं पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ च्या ऑक्टोबरपासून आहे. तो मेसेज आला की मी बघते, या महिन्यात कोणी उघडलं होतं का? नसेल तर बंद. केबलमध्ये असं एक महिना सोडून एक महिना केलं असतं तर भाईने दारात उभं केलं नसतं. पण तोच भाई पैसे द्यायला उशीर झाला तर आपल्या खिशातून रिचार्ज मारून ठेवायचा, हेही खरं.

आईंचं प्रकरण मात्र सोपं नव्हतं. केबलचे नंबर त्यांना तोंडपाठ, अंधारातही लावायच्या. इथे आधी टीव्हीचं पान, मग ॲप, मग "कोण बघतंय?" म्हणून तोंडांची चित्रं, मग मालिका. धाकट्याने कागदावर लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवपट्टीने लावून दिलं: घराचं बटण, उजवीकडे दोनदा, ओके, खाली एकदा, ओके. महिनाभर झकास चाललं. मग ॲप अपडेट झालं, चौकोन इकडचे तिकडे गेले, आणि त्या कागदाप्रमाणे आई कुठल्याशा कोरियन मालिकेत पोचल्या. कागद आता बदलत राहावा लागतो. दुपारी डोळा लागला की "अजून बघताय का?" असं विचारून एक ॲप थांबतं, त्याला त्या लाईट गेली समजतात. पण भाग चुकला म्हणून हळहळणं संपलं. हळदीकुंकवाला जाऊन येऊन निवांत बघतात, ही त्यांना पटलेली एकमेव सोय.

क्रिकेटवाल्यांनी नीट विचार करा. १४ फेब्रुवारी २०२५ ला इथे कोटंबीच्या स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगची पहिली मॅच झाली. गुजरातचे २०१ बंगळुरूने सहज पार केले, आणि रिचा घोषचे षटकार समोरच्यांच्या घरात आधी पडत होते, आमच्याकडे नंतर. त्यांच्याकडे केबल. ॲपवर चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा कमी-जास्त दर्जाचा करून ठेवतात, आणि तुमचा टीव्ही दोन-चार तुकडे साठवून मग दाखवायला घेतो. त्यामुळेच नेटचा वेग पडला की चित्र फक्त धूसर होतं, लगेच अडकत नाही. त्याची किंमत म्हणजे हा उशीर. गावातलीच मॅच, आणि निकाल समोरच्या गॅलरीतून कळतो!

आणि उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत. अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून गेलेल्या तारांत पतंग अडकतात, पोरं ओढतात. केबलची तार जाड, फार तर कनेक्टर निघायचा, भाईचा पोऱ्या येऊन लगेच बसवून जायचा. आताचं नेट येतं त्या फायबरच्या तारेत केसाएवढी काच. ती तुटली की मशीन घेऊन येणारा माणूस लागतो, आणि वासी उत्तरायण, म्हणजे दुसरा दिवस, उलटली तरी तो आला नाही. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, रेकॉर्ड केलेला आवाज मिळाला, माणूस काही मिळेना. तोवर घरात टीव्ही, मुलांचा अभ्यास, ह्यांचं ऑफिस सगळंच ठप्प. केबल होती तेव्हा टीव्ही आणि नेट दोन्ही एकदम कधी गेले नव्हते.

घरात चांगलं नेट आधीपासून असेल आणि मराठीच बघायचं असेल तर घ्या. आधी घरातल्या मोठ्यांच्या मालिका कुठल्या वाहिनीवर लागतात ते लिहून काढा, त्या वाहिनीचं ॲप आधी महिन्यापुरतं घ्या, रिमोट त्यांच्याच हातात देऊन बघा, मग वर्षाचे पैसे भरा. आयपीएलपुरती केबल पुन्हा सुरू करायची का, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. बॉक्स परत केलेला नाही.