मसल शिंपल्याची प्रतिकृती: पाद उत्तम, स्नायू चुकीचे

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेली समुद्री मसल शिंपल्याची ही मोठ्या आकाराची, सुटे भाग काढता येणारी प्रतिकृती पहिल्या नजरेत छाप पाडते. डावे कवच उचलले की प्रावार, म्हणजे कवचाला आतून अस्तरासारखा लागलेला मऊ पडदा, त्याखाली पदरासारखे लोंबणारे कल्ले आणि जिभेच्या आकाराचा पाद दिसतो. पाद विशेष काळजीने घडवलेला आहे. ज्या खाचेत बिससचा, म्हणजे मसलला खडकाशी बांधून ठेवणारा, धागा तयार होतो ती खाच आणि धाग्याच्या टोकाची, खडकाला चिकटणारी चकती, दोन्ही स्पष्ट आहेत. हृदयाच्या जवनिकेतून, म्हणजे रक्त पुढे ढकलणाऱ्या कप्प्यातून, आरपार जाणारे मलाशयही कारागीर विसरलेला नाही.

मात्र कवच मिटणारे पुढचे आणि मागचे स्नायू सारख्याच आकाराचे केले आहेत, आणि ही चूक क्षुल्लक नाही. मिटिलस या समुद्री मसलांच्या प्रजातीत पुढचा स्नायू लहान व मागचा मोठा असतो, तर हिरव्या मसलच्या, म्हणजे पर्ना विरिडिसच्या, प्रौढ प्राण्यात पुढचा स्नायू नसतोच. कवचाच्या आत उमटलेले स्नायूंचे ठसे ही या दोन प्रजाती ओळखण्याची एक मुख्य खूण असल्यामुळे, या प्रतिकृतीवर शिकलेला विद्यार्थी खरा शिंपला हातात आल्यावर गोंधळणार, हे उघड आहे. जनद, म्हणजे प्रजननग्रंथी, हेही पादाच्या बुडाशी गोळ्यासारखे बसवले आहे. मसलमध्ये ते प्रावारात पसरते, म्हणूनच पक्व मादीचा प्रावार नारिंगी आणि नराचा पांढरट दिसतो.

पाद आणि कल्ले शिकवण्यापुरती प्रतिकृती जरूर घ्यावी. सोबतचा वर्गीकरणाचा तक्ता मात्र भिंतीवर लावू नये. गोड्या पाण्यातील युनिओ या शिंपल्याला त्यात सरळ मिटिलिडी या मसलांच्या कुलात घातले आहे. खोल समुद्रातील प्लॅटिफ्रॉन्स ही जाती त्यात अजून बॅथिमोडिओलस प्रजातीतच आहे, वास्तविक ती आता जायगँटिडास प्रजातीत गणली जाते. दक्षिण चीन समुद्रातील हाइमा शीत झऱ्यांवरून, म्हणजे समुद्रतळातून मिथेन झिरपणाऱ्या जागांवरून, २०१९ मध्ये वर्णन झालेल्या जायगँटिडास हाइमाएन्सिसचा तर उल्लेखही नाही. कल्ल्यांच्या पेशींत मिथेनवर जगणारे जीवाणू बाळगणाऱ्या या मसलांचे कल्ले या प्रतिकृतीशेजारी दाखवता आले असते, तर तक्त्याला काही अर्थ राहिला असता. मिटिलस एड्युलिस, गॅलोप्रोव्हिन्शियालिस आणि ट्रॉस्युलस या मिटिलसच्या तिन्ही जाती केवळ कवचाच्या आकारावरून वेगळ्या करायला सांगणारा रकाना तर काढूनच टाकायला हवा, कारण या जातींचा आपसांत संकर होतो आणि खात्रीची ओळख डीएनए तपासल्याशिवाय पटत नाही.