सीडी१६ए विकत घेताय? जेलवरचा पट्टा आधी बघा

आम्ही मागवलेल्या प्रथिनाच्या कुपीवर छापलं होतं: मानवी सीडी१६ए, व्ही१५८ प्रकार, एचईके२९३ या मानवी पेशींत तयार केलेलं, १०० मायक्रोग्रॅम. प्रत्यक्षात प्रथिन ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं निघालं. हे कळायला वेळ लागला, कारण माल अगदीच बोगस नव्हता. अँटिबॉडीला तो चिकटत होता, आणि वितरक प्रत्येक तक्रारीला तोच चिकटण्याचा आलेख पुढे करत राहिला.

सीडी१६ए हा एनके या रोगप्रतिकारक पेशींवरचा रिसेप्टर, आयजीजी१ प्रकारच्या अँटिबॉडीचा एफसी, म्हणजे शेपटीकडचा भाग पकडणारा. त्यावर शर्करासाखळ्या जोडल्या जाण्याच्या पाच जागा आहेत. त्यांतली १६२ क्रमांकाच्या ॲस्परॅजिन या अमिनो आम्लावरची साखळी महत्त्वाची, कारण फ्युकोज ही साखर नसलेली अँटिबॉडी जास्त घट्ट बसते ती तिच्यामुळे. नेहमीचा ई. कोलाय ही साखळी जोडतच नाही. साखळीविना रिसेप्टर एफसीला धरतो खरा, पण फ्युकोज असलेली आणि नसलेली अँटिबॉडी यांतला फरक त्याला जवळपास कळत नाही. म्हणून एकट्या रिटक्सिमॅब या फ्युकोज असलेल्या अँटिबॉडीवर घेतलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही. शेजारी फ्युकोज कमी केलेली ओबिनुट्युझुमॅब लावा. दोन्हींचे वक्र जवळजवळ एकावर एक आले, तर माल संशयास्पद.

त्याहून स्वस्त परीक्षा जेलची, ज्यात प्रथिनं वजनानुसार वेगळी होऊन पट्टे दिसतात. रिसेप्टरच्या पेशीबाहेरच्या भागाचं, साखळ्या न धरता, हिशेबी वजन २२-२३ किलोडाल्टन, पण सस्तन पेशींत बनलेलं प्रथिन साखळ्यांमुळे ४० ते ५०च्या आसपास, पसरट पट्ट्यासारखं दिसतं. आमच्या कुपीतल्या प्रथिनाचा २५जवळ एकच बारीक, रेखीव पट्टा आला. गंमत नव्हे, धोका असा की सर्टिफिकेटवरही 'हिशेबी वजन २३' लिहिलेलं असतं, त्यामुळे नवखा माणूस जुळलं म्हणून खूश होतो. इथे जुळणं हीच खोटेपणाची खूण.

खात्री करायची तर २ मायक्रोग्रॅम प्रथिन एसडीएस व डीटीटी या प्रथिन उलगडणाऱ्या रसायनांसह १०० अंशांवर १० मिनिटं उकळा, मग एनपी-४० हा डिटर्जंट घालून पीएनगेज एफ या साखळ्या कापणाऱ्या एन्झाइमसोबत ३७ अंशांवर तासभर ठेवा. एनपी-४० विसरलात तर एसडीएस एन्झाइमलाच मारतं आणि खरा मालही खोटा वाटतो. अस्सल प्रथिनाचा पट्टा २५कडे घसरतो, जिवाणूतलं जागचं हलत नाही. ३६जवळचा पट्टा पीएनगेजचा स्वतःचा, तो मोजू नका.

कुपीतल्या पांढऱ्या वडीवर भुलू नका. ती बहुतेक ट्रेहालोज किंवा मॅनिटॉलची असते, प्रथिन नसलं तरी तशीच दिसते. जेलवर ६६ला जाड पट्टा आला तर बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) मिसळलेलं आहे. मग '१०० मायक्रोग्रॅम'मध्ये बीएसए धरलं आहे का, हे लेखी विचारा.

क्रमांकाचीही मेख आहे. व्ही१५८ आणि व्ही१७६ एकच, दुसऱ्यात सिग्नल पेप्टाइड, म्हणजे सुरुवातीचा, नंतर कापला जाणारा तुकडाही मोजलेला. त्याच जागी व्हॅलिनऐवजी (व्ही) फेनिलॲलनिन (एफ) असलेला एफ प्रकार कमी घट्ट बांधतो, म्हणून कोणता प्रकार ते कोटेशनमध्ये अक्षरासकट लिहून घ्या.

पेशींवर वापरणार असाल तर एंडोटॉक्सिनचा आकडा त्याच लॉटचा (उत्पादनाच्या तुकडीचा) हवा. एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूचं एलपीएस, ते मोनोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींना उत्तेजित करतं आणि तो परिणाम रिसेप्टरच्या नावावर खपतो.

पैसे देण्याआधी त्याच लॉटच्या जेलचा मार्करसकट (ज्ञात वजनांच्या पट्ट्यांसकट), न कापलेला फोटो मागा. कुपी आल्यावर लेबल व लॉट क्रमांकाचा फोटो काढा, उघडण्याआधी क्षणभर सेंट्रिफ्यूज करा, निर्जंतुक पाण्यात विरघळवून छोटे भाग गोठवा. एक भाग न वापरता ठेवा. परताव्याचा वाद झाला की समोरचा पहिलं हेच म्हणतो: तुम्हीच नमुना खराब केलात.