ठाण्याची एजन्सी, माए सोतची इंटर्नशिप: अडीच स्टार

नौपाड्यातल्या एका परदेशी-शिक्षणवाल्या एजन्सीमार्फत थायलंडला दोन महिने इंटर्नशिप करून आले. मी कळव्याची, बीएलएस एलएलबीच्या चौथ्या वर्षाला. ब्रोशरवर नाव एकदम भारदस्त: 'मानवाधिकार आणि स्थलांतर, आशिया'. अडीच स्टार देतेय, आणि तेही जवळजवळ सगळे मी माए सोतला ज्या संस्थेत काम केलं तिचे आहेत.

ऑफिस चकाचक, मॅडम गोड बोलणाऱ्या. पण माए सोत नक्की कुठे, असं विचारलं तर म्हणे बँकॉकच्या जवळच. जवळ म्हणजे साधारण पाचशे किलोमीटर, मो चित स्टँडवरून रात्रभराची बस! त्याहून कहर व्हिसाचा. 'टुरिस्ट म्हणून जा, तिकडे कोण बघतंय?' थायलंडमध्ये बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं, आणि माए सोतहून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर पोलीस बस थांबवून कागद तपासतात. स्थलांतरितांच्या हक्कांचं काम शिकायला निघालेल्या मुलीला हा सल्ला! शेवटी तिथल्या संस्थेनेच पत्रं पाठवली, नॉन-इमिग्रंट व्हिसा झाला. डॉक्युमेंटेशन फी एजन्सीने पूर्ण घेतली.

ब्रोशरमधली 'कॅम्प व्हिजिट' झालीच नाही. म्यानमारच्या सीमेवर निर्वासितांच्या नऊ छावण्या आहेत, आत जायला थाई गृहखात्याची परवानगी लागते. नाही झाली तेच बरं. ती माणसं आहेत, राणीची बाग नाही.

काम मात्र अस्सल होतं. माए सोतच्या कडेने मोएई नदी वाहते, पलीकडे म्यानमारचं म्यावड्डी. पूल ओलांडला की घड्याळ अर्धा तास मागे. 1 फेब्रुवारी 2021च्या लष्करी उठावानंतर पळून आलेले आणि त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या कापड कारखान्यांत राबणारे, दोघेही आमच्या टेबलावर यायचे. थायलंडने 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही (आपणही नाही), त्यामुळे माणूस जीव वाचवून आला असला तरी कायद्याच्या लेखी बेकायदाच.

गालांना थनाखा (झाडाच्या सालीचा बर्मी लेप) लावलेली एक बाई शाळेची वही घेऊन आली होती. रोज किती तास शिलाई केली ते बर्मी आकड्यांत, पेन्सिलने, काही पानांवर तेलाचे डाग. दुभाषी ताई वाचायच्या, मी एक्सेलमध्ये भरायचे. आठ तासांवरच्या ओव्हरटाइमला दीडपट, सुट्टीच्या दिवशीच्या ओव्हरटाइमला तिप्पट. थाई कायद्यात हे परदेशी कामगारालाही लागू आहे. पण 1975च्या कामगार-संबंध कायद्याप्रमाणे युनियनच्या समितीवर फक्त थाई नागरिक बसू शकतो. म्हणजे बाईंच्या बाजूने बोलायला ती वहीच. आमच्या कॉलेजात 1979चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा एका लेक्चरमध्ये उरकला होता, आणि भिवंडीचे लूम तिथून हाकेच्या अंतरावर. असो.

राहायची खोली ठीक, पंखा आवाज करणारा. चहाच्या पानांची कोशिंबीर जरूर खा, पण बऱ्याचदा त्यात सुकी कोळंबी असते. मी सीकेपी, मला काय! जैन मैत्रिणींनी आधी विचारून घ्या.

पंधरा दिवसांचं पॅकेज घेऊ नका. तेवढ्यात तुम्ही फक्त फोटो काढता आणि तिथल्या लोकांचा वेळ खाता. वर्क परमिटचं कोण बघणार, सुपरवायझर कोण, हे लेखी घ्या, आणि फीपैकी संस्थेला किती जातं तेही तोंडावर विचारा. मला शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळालं नाही. तिथे भेटलेली पुण्याची एक मुलगी संस्थेला थेट मेल करून आली होती. माझ्याच शेजारच्या टेबलावर तेच काम करत होती, एजन्सीला एक रुपया न देता.

एअरपोर्टवर घ्यायला कोणीच आलं नव्हतं, ते पिकअपचे पैसे परत मागितलेत. मेलला उत्तर लगेच येतं. पैसे अजून यायचेत.